ट्रंकबाईंची तीन मिनिटं

“…आणि शेवटी तुला हवंय काय?”

बाईंनी हे विचारलं तेव्हा मी तक्रार क्रमांक अकरावर होते. एकूण सतरा होत्या.

“सांगते ना. त्याआधी हे ऐका, चौदा तारखेला मी—”

“तीन मिनिटं झाली.”

बाईंनी टेबलावरच्या काळ्या फोनचा खटका बोटानं दाबला. तो फोन केव्हाचाच मेलेला. त्याची तार भिंतीतून निघाल्यालाही वीसेक वर्षं झाली असतील. तरी मी गप्प झाले, रिसीव्हर कानाला तसाच धरून.

फलटणात बोंद्रेबाईंना सगळे ट्रंकबाई म्हणतात. टेलिफोन एक्सचेंजात त्यांनी चौतीस वर्षं परगावचे फोन, म्हणजे ट्रंक कॉल, जोडून दिले. आता ओसरीवर बसतात. ज्याचं कुणाशी भांडण आहे, बँकेशी, सोसायटीशी, व्याह्यांशी, तो त्यांच्याकडे येतो. फी नाही. रीत एकच. मेलेला रिसीव्हर कानाला लावायचा, पलीकडे आपला वैरी आहे असं समजायचं आणि बोलायचं. तीन मिनिटं.

मला हे सगळं जरा… म्हणजे मी एम.ए. आहे. घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. कंपनीच्या अटी-शर्तींची अठ्ठावीस पानं मी वाचली आहेत, जी लिहिणाऱ्यानंही वाचली नसावीत. त्यात शुद्धलेखनाच्या नऊ चुका सापडल्या, त्यांवरही खुणा करून ठेवल्यात. अशा बाईनं खेळातल्या फोनवर बोलायचं! शेजारच्या शेंडेवहिनींनी आग्रह केला म्हणून आले, असं मी घरी सांगितलं. खरं तर थकले म्हणून आले होते.

भांडण साधं होतं. नेट आणि टीव्ही मिळून महिना आठशे, बारा महिने भाव बदलणार नाही, असा करार. पाचव्या महिन्यात बिल आलं साडेनऊशे. का? म्हणे, खर्च वाढला. मग मी सोडते. सोडा की, पण मुदतीआधी सोडलं तर दोन हजार दंड.

मध्येच भाव वाढवला तर दंड कुणालाच नाही.

वाढीव बिल मी भरलं नव्हतं. उद्या कंपनीवाले लाइन तोडणार होते. मोबाइलचं नेट आमच्या गल्लीत धापा टाकतं, त्यामुळे लाइन गेली की मुद्रितं गेली. आणि दहा महिन्यांच्या जुईला मांडीवर घेऊन करता येईल असं माझ्याकडे तेवढं एकच काम होतं.

साडेचारला कंपनीचा वरचा साहेब फोन करणार होता. आता चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

जुई रिसीव्हरची वेटोळी वायर ओढत होती. मी तिचा हात बाजूला केला.

“हॅलो, मी तुमची ग्राहक. माझा ग्राहक क्रमांक… मी याआधी सतरा वेळा… तुमची एक मुलगी म्हणाली सिस्टीममध्ये दिसत नाही, दुसरा म्हणाला दिसतंय, पण बदलता येत नाही… आणि एकदा तर मला पंचवीस मिनिटं सनई ऐकवलीत! इकडे बाळ रडतंय आणि कानात लग्न लागतंय—”

खटका.

“तीन मिनिटं झाली.”

“अहो बाई, आत्ता कुठे सुरुवात होत होती!”

“सगळ्यांचं तसंच.”

…

“एक जण आला होता एक्सचेंजात,” बाई म्हणाल्या. “नागपूरला भावाला लावून दिला. दोन मिनिटं नुसतं ‘ऐकू येतंय का, ऐकू येतंय का.’ मग पाऊसपाणी. मग म्हशीची चौकशी. मी म्हटलं, तीन मिनिटं झाली. तेव्हा ओरडला, ‘अरे दादा, आबा—’ आणि लाइन गेली.”

“मग?”

“मग काय. नागपूरचा भाऊ दुसऱ्या दिवशी तार करून विचारतोय, आबांचं काय?”

मी हसले. बाई हसल्या नाहीत.

“गावातल्या गावात लावला असता तर काही नव्हतं. लोकलला आम्ही मिनिटं मोजत नसू. संध्याकाळपर्यंत बोल. परक्या गावाला तीनच. तुझी कंपनी गावातली आहे?”

“नाही.”

“मग हवंय ते आधी.”

मी फाइल उघडली. बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि जुईपुढे टाकली. सतरा तक्रारी, प्रत्येकीला रंगीत चिठ्ठी. जुईनं पिवळी चिठ्ठी तोंडात घातली. मी ती काढली.

“बाई, पुरावा आहे त्यात!”

“डोक्यात नाही?”

होता. जुईच्या लसींच्या तारखा मी विसरते, हा मात्र तोंडपाठ होता.

“काय हवंय?”

“दीडशे रुपये,” मी म्हणाले. “नाही, म्हणजे… त्यांनी माफी मागावी. तेही जाऊ दे. एकानं तरी म्हणावं, बाई, तुमचं बरोबर आहे.” “दोन महिने झाले. एकानंही म्हटलं नाही.”

…

“हे कंपनीत मिळतं?”

“…नाही.”

“तिथं मिळतं ते माग.”

साडेचारला मोबाइल वाजला.

“फोन कुणी लावलाय?” बाईंनी विचारलं.

“त्यांनी.”

“मग मिनिटं त्यांची.”

मी स्पीकर चालू केला.

“नमस्कार मॅडम, आपला वेळ आमच्यासाठी अत्यंत मोलाचा—”

“आठशे रुपये. बारा महिने. करारात आहे तसं. लेखी पाठवा, लाइन चालू ठेवा.”

आणि मी थांबले.

“मॅडम, आपली अडचण मी समजू शकतो, परंतु आपण जरा आमचीही बाजू…”

मी तोंड उघडलं. सनई, सिस्टीम, सतरा, सगळं जिभेवर आलं. बाईंनी काळ्या फोनच्या खटक्यावर बोट ठेवलं. दाबलं नाही. नुसतं ठेवलं.

मी तोंड मिटलं.

…

“हॅलो?”

…

“मॅडम, तीन महिने पन्नास रुपये सवलत देऊ शकतो. माझ्या अधिकारात तेवढंच आहे.”

…

रस्त्यानं एक टेम्पो गेला. जुईनं तक्रार क्रमांक चार टरकन फाडली. मग माझ्या पदराला झोंबली, मी तिला पुन्हा बाजूला केलं.

“हॅलो मॅडम? ऐकू येतंय का?”

बाईंच्या डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं.

“येतंय,” मी म्हणाले. “आठशे. बारा महिने. लेखी.”

…

पलीकडे कळफलक खडखडला. कुणाशी तरी हळू आवाजात बोलणं झालं.

“पाठवतो.”

मेसेज आला. कराराची मुदत संपेपर्यंत जुनाच दर. खाली, आमच्या सेवेला पाच तारे द्या.

मला आनंद व्हायला हवा होता. नुसती झोप आली.

“पण बाई, चूक झाली असं तो म्हणालाच नाही. बघा ना, मी पहिला फोन केला तेव्हा तेवीस तारीख होती, जुईला ताप होता, आणि ती मुलगी मला म्हणते—”

“तीन मिनिटं झाली.”

…

जुईनं तोवर काळा रिसीव्हर खाली ओढला होता. उलटा धरून त्यात काहीतरी सांगत होती. बा. दा. ब्बू. पुन्हा बा. मग थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि तो माझ्याकडे ढकलला.

मी तो कानाला लावला. सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा कमी. सोळा पानं तपासायची राहिली होती, कुकर लावायचा होता, दोरीवरचे लंगोट काढायचे होते.

“हिला किती देऊ, बाई?” मी विचारलं. “तीनच मिनिटं?”

बाईंनी खटक्यावरचं बोट काढून घेतलं.

“हा फोन लोकल आहे.”