हन्नाबाईचा रविवार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. विजेचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, विहिरीवर मोट चालायची आणि ती बैल ओढायचे. खडकवस्तीत तेव्हा ख्रिस्ती लोकांची सात घरं होती, सातांमध्ये एक विहीर. आठवड्याला प्रत्येक घराची एक पाळी. बुधवारची पाळी हन्नाबाईची. नवरा गेलेला, पोरबाळ नाही, तुकडाभर गहू तेवढा तिचा. बाई जिभेनं तिखट होती, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर कुणी तिला देवमाणूस वगैरे करू नका.

रविवारची पाळी शांतवनबापूंची. बापू म्हणजे देवळातले पंच, वस्तीतला मोठा माणूस. रविवारी देवाचा विसावा, म्हणून ते मोटेला हात लावत नसत. शेजारच्या वाडीतून दोन गडी यायचे आणि ते मोट हाकायचे. आपला हात लागला नाही म्हणजे झालं, असं बापूंना वाटायचं. खरं सांगायचं तर सगळ्या वस्तीलाच तसं वाटायचं, हन्नाबाईलाही.

मग पाऊस रुसला. एक वर्ष गेलं, दुसरंही कोरडं निघालं. आसपासच्या विहिरी एकेक करून आटल्या आणि लोक बिऱ्हाडं उचलून चालते झाले. खडकवस्तीच्या विहिरीचाही खडक उघडा पडायला लागला. ही आटली की आपलंही घर मोडणार, हे हन्नाबाईला कळून चुकलं होतं. तिच्या जिवाला घोर लागला.

एका रविवारी देवळात पाळकसाहेब आज्ञा समजावून सांगत होते. विसाव्याच्या दिवशी बैलालाही जुंपू नका, दारी आलेल्या परक्यालाही राबवू नका, असं देवानं बजावलंय, म्हणाले. तेवढ्यात बाहेरून मोटेच्या चाकाची करकर आली. रोजचीच करकर, पण त्या दिवशी हन्नाबाईला ती वेगळीच ऐकू आली. ती उठली आणि भर उपासनेतून चालू लागली.

असं म्हणतात, की ती पायातल्या वहाणासुद्धा विसरली. तापलेल्या मातीतून तशीच विहिरीवर गेली, पायऱ्या उतरली आणि तळाच्या पायरीवर पदर खोचून बसली. वर गडी घाबरले. त्यांनी बैल थांबवले.

देऊळ सुटलं तशी सगळी वस्ती काठावर जमली.

"हन्ना, वर ये. मोट खाली सोडायचीय," बापू म्हणाले.

"सोडा की. माझ्या डोक्यावर सोडा."

"अगं, आम्ही कुठं काम करतोय?"

"तुम्ही नाही करत बापू. विहीर करतीय. आपण सहा दिवस हिला उपसतो अन् सातव्या दिवशी परक्याकडून उपसून घेतो. ही देवानं दिली ना आपल्याला? मग हिला कधी टेकू द्यायचं?"

पाळकसाहेब मान खाली घालून म्हणाले, "बाई बरोबर बोलतेय. मीही इतकी वर्षं ही करकर ऐकत उपदेश केला."

बापूंचा चेहरा उतरला. "बोलायला काय जातं? दिवस माझा आहे. माझंच शेत वाळवायचं का?"

हन्नाबाईचा गहू ओंबीवर होता. वर्षाची भाकरी होती ती. मग ती म्हणाली, "माझा बुधवार तुम्ही घ्या. रविवार माझ्या नावावर करा. माझ्या दिवसाचं मी काय करायचं ते मी बघीन."

बापूंनी गड्यांना बैल सोडायला सांगितलं.

तिचा गहू वाळला. ती बांधावर उभी राहून रडली, पण तिनं पाळी घेतली नाही. दर रविवारी मात्र ती तळाच्या पायरीवर जाऊन बसायची, गीतं म्हणायची. माणसाला, गुराला प्यायला घागर कधीही भरा. शेताला थेंब नाही. बापू पहिल्या आठवड्यात तिच्याशी बोलले नाहीत. गहू निघाल्यावर त्यांनीच पहिलं पोतं तिच्या दारात आणून टाकलं. तिनं ते मुकाट्यानं घेतलं.

आणि असं म्हणतात, की एका रविवारी गाता गाता तिच्या पायांना गार लागलं. पाणी चढत होतं. ती एक पायरी वर सरकली, पाणीही एक पायरी चढलं. अशी पायरी पायरी करत विहिरीनं तिला दिवस मावळेतो काठापर्यंत आणून सोडलं. तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या. त्या उन्हाळ्यात खडकवस्तीतून एकही बिऱ्हाड हललं नाही, एवढं तर खरं.

आता मोट गेली, पंप आला. शनिवारी दिवेलागणीला पंपाचा फ्यूज काढतात, तो सोमवारीच बसतो. मागं एका परगावच्या माणसानं तिथं जमीन घेतली. पाणी सात दिवस असताना पाळ्या सहाच का, म्हणून तो विचारायला आला.

"सातवी हन्नाबाईची," लोक म्हणाले.

"कुठं असते ती?"

"वारली. आमच्या पणज्याच्या वेळी."

"मग तिचा दिवस मला द्या."

"तिला विचारल्याशिवाय कसा देणार?" लोक म्हणाले, आणि आपापल्या कामाला लागले.