हौशी लोहाराचे कुलूप

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता आणि त्याच्या पदरी धरणीधर नावाचा लेखक होता. दिवसभर राजाची आज्ञापत्रे लिहावीत आणि उन्हे कलली की परसात जाऊन भट्टी पेटवावी, असा धरणीधराचा नेम. तो पिढीजात लोहार नव्हता आणि कुणी त्याला लोखंड घडवायला सांगितलेही नव्हते. लाल झालेले लोखंड हातोड्याखाली वाकते, हे पाहून त्याला सुख वाटे, एवढेच. त्याने घडवलेल्या खुंट्या भिंतीत तिरक्या बसत, विळ्यांना धार टिकत नसे. बायको रेवती म्हणे, "धूर माझ्या वाळवणावर येतो." मग तो भट्टीचे तोंड फिरवून घेई.

राजवाड्याच्या तळघरात एक पेटी होती. कालकंठ नावाच्या मांत्रिकाने ती बारा वर्षांसाठी राजाकडे ठेव म्हणून सोपवली होती. मी परतेपर्यंत उघडू नये, एवढेच त्याचे मागणे. राजाने अकरा वर्षे आणि अकरा महिने धीर धरला. मग राज्यातला सर्वांत जाणता लोहार मालोबा याला बोलावून त्याच्या हाती पेटी फोडण्याचे आज्ञापत्र दिले.

मालोबा म्हणाला, "महाराज, ही दुसऱ्याची ठेव आहे."

"ही आज्ञा आहे," राजा म्हणाला.

मालोबाने बिजागरी उखडली, कोयंडा तोडला, कुलूप फोडले. आत मोती होते. राजाने हात लावताच त्यांची राख झाली आणि पेटीतून आवाज आला, "मोबदल्यासाठी घण उचलणाऱ्याने मला फोडले. आता मोबदल्यासाठी घडवलेले लोखंड या राज्यात टिकणार नाही."

त्याच दिवशी नांगरांचे फाळ ढेकळांसारखे फुटले. घोड्यांचे नाल गळाले, शिंप्यांच्या सुयांचा भुगा झाला. लोहार नवा फाळ ठोकायला घेत आणि तो ऐरणीवरच विरून जाई. पेरणी तोंडावर आली होती.

धरणीधराच्या परसात शेवग्याचे झाड होते. त्याच्यावर एक तांबट पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला.

"धरणीधरा, तुझे लोखंड शाबूत आहे."

"ते घडवून मी कुणाकडून काही घेतले नाही."

"म्हणूनच सांगतो. पेटीला बिजागरी, कोयंडा आणि कुलूप हवे. तिन्ही तू घडव. आजपासून चौथ्या दिवशी कालकंठ येईल. त्याला पेटी उघडी दिसली, तर शाप कधीच सुटणार नाही."

"मला कुलूप घडवता येत नाही."

"ते मला ठाऊक आहे," तांबट म्हणाला आणि उडून गेला.

धरणीधराने राजाला हे सांगितले आणि काम सुरू केले. पहिल्या दिवशी बिजागरी झाली. ती ओबडधोबड होती, पण फिरत होती. राजाला इतका आनंद झाला की त्याने स्वतःच्या हातातले कडे काढून धरणीधराच्या मनगटात घातले. भर दरबारात नको म्हणणे त्याला जमले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कोयंडा घडवायला घेतला. पहिल्याच घावाला लोखंडाची माती झाली. दुसरा तुकडा घेतला, त्याचीही माती झाली. तिसऱ्या वेळी त्याचे लक्ष मनगटाकडे गेले. तो तसाच काळ्या हातांनी दरबारात गेला आणि कडे राजापुढे ठेवले.

"राजाची भेट परत करतोस?" राजाने विचारले.

"भेट ठेवली तर कोयंडा टिकत नाही, महाराज."

राजाने कडे उचलून घेतले. संध्याकाळपर्यंत कोयंडा तयार झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळीच धरणीधर मालोबाच्या दारी गेला. म्हातारा थंड भट्टीशेजारी बसून होता.

"मालोबा, तुमचा हात लागून चालणार नाही. पण तुमची नजर मला हवी."

मालोबाने मान वर केली नाही. "मी एकदाच नको म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायला हवे होते."

"ते आज्ञापत्र माझ्या हातचे होते," धरणीधर म्हणाला. "मी एकदाही नको म्हणालो नाही."

हे त्याने आजवर कुणालाच सांगितले नव्हते, रेवतीलाही नाही. मालोबा उठला, त्याने पागोटे घातले आणि निघाला.

दिवसभर धरणीधराच्या परसात भाता चालला. "मनगटाने मारता आहात, खांद्याने मारा," मालोबा सांगे. "लोखंड काळे पडले, पुन्हा तावावर घ्या." कुलपाच्या पोटातली कमान काही साधेना. पहिली पाण्यात बुडवताच तडकली. दुसरी मऊ राहिली, दाबली ती उठलीच नाही. तिसरी कमान पाणी देऊन पुन्हा निखाऱ्यावर धरली, तेव्हा मालोबाने न राहवून सांडशीकडे हात नेला. मग स्वतःच थांबला आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिला.

"पिवळी होते आहे," धरणीधर म्हणाला.

"थांबा."

"जांभळी झाली."

"अजून थांबा. मोराच्या मानेसारखी निळी झाली की काढा."

कमान निळी झाली. त्याने ती काढली, दाबली. ती उसळून परत आली. मालोबाचे डोळे भरले होते.

सूर्य मावळायच्या आत तिन्ही वस्तू पेटीला बसल्या. राख आत होतीच. कुलपात धरणीधराने घडवलेली चावी फिरली आणि आतून मोती घरंगळल्याचा आवाज आला.

चौथ्या दिवशी कालकंठ आला. त्याने कुलपावरून बोट फिरवले. "हे माझे कुलूप नव्हे."

मालोबा पुढे होऊ लागला. त्याच्या आधी राजा सिंहासनावरून उतरला. "पेटी मी उघडली. लोहार नको म्हणाला होता. दोष माझा आहे."

धरणीधराने पुढे केलेली चावी घेऊन कालकंठाने पेटी उघडली. मोती जसेच्या तसे होते. त्याने झाकण लावले.

"ठेव पुरी आहे आणि तू खरे बोललास. शाप मागे घेतला," तो म्हणाला आणि पेटी घेऊन आल्या वाटेने निघून गेला.

दुपारी मालोबाने पहिला फाळ ठोकला आणि शेतकऱ्याकडून त्याबद्दल पायलीभर ज्वारी घेतली. फाळ टिकला. संध्याकाळपर्यंत राज्यातल्या सगळ्या भट्ट्या पेटल्या. त्या वर्षी पेरणी पंधरा दिवस उशिरा झाली, पण एकही शेत पडीक राहिले नाही.