हिंगणदऱ्याची हळदीची दोरी

विद्यापीठाच्या कमानीवर आज जे नाव आहे, त्याच्याखाली खरवडलेल्या जुन्या अक्षरांचे व्रण अजून दिसतात. कमानीच्या दोन्ही खांबांवर, कमरेइतक्या उंचीवर, हळदीने पिवळे पडलेले पट्टे आहेत. पाहुण्यांनी त्यांच्याबद्दल विचारले, की फाटकाजवळचे चहावाले दगडूनाना खिल्लारे हातातली किटली खाली ठेवतात.

इथे पूर्वी हिंगणदरा नावाचे गाव होते म्हणे. विद्यापीठासाठी सलग जमीन मिळेना, तेव्हा गावाने देवळासकट गावठाण सोडले आणि डोंगरापलीकडे बिऱ्हाड हलवले. अट एकच घातली : गाव जाईल, नाव राहील. म्हणून ते हिंगणदरा विद्यापीठ झाले.

पुढे सरकार बदलले. विधानसभेत कायदा दुरुस्त झाला आणि विद्यापीठाला एका थोर पुरुषाचे नाव मिळाले. ज्यांनी घरे दिली त्यांना विचारायची कुणाला गरज वाटली नाही. त्यांना ते पेपरातून कळले.

गावाचा राग त्या थोर पुरुषावर नव्हता. "त्यांचा फोटू माझ्या घरात हाय," असे गावची सर्जाबाई म्हणाल्याचे सांगतात. "दुसऱ्याचं पुसून माझं लिवा, असं ते कधी म्हनले?"

पदवीदानाच्या दिवशी मंत्री नव्या पाटीचे अनावरण करायला आले. तेव्हा गावच्या बायकांनी कमानीत हळदीची दोरी आडवी धरली. लग्नानंतर नव्या जोडप्याला उंबऱ्यावर अडवतात, अगदी तशी.

"नाव घ्या आन् आत जावा, साहेब."

मंत्री हसले. त्यांनी नवे नाव घेतले.

"हे सासरचं झालं. माहेरचं घ्या," सर्जाबाई म्हणाली.

मंत्र्यांनी सचिवांकडे पाहिले, सचिवांनी कुलगुरूंकडे. कुलगुरूंना ते ठाऊक होते. ते आपल्या बुटांकडे पाहत राहिले. तेवढ्यात काळा झगा घातलेली एक मुलगी पुढे आली. "मी हिंगणदऱ्यात शिकले," ती म्हणाली. दोरी खाली आली. मागची सगळी रांग तेच म्हणत आत गेली, आणि दोरी पुन्हा वर झाली. मंत्री मागच्या फाटकाच्या कच्च्या वाटेने, धूळ खात, मंडपात पोचले म्हणे.

पाटी बदलायची ती बदललीच. नंतर आणखी एकदा बदलली. पण आजही पदवीदानाला सर्जाबाईच्या सुना-नाती दोरी धरतात, आणि गावाचे नाव घेतल्याशिवाय एकही पोर आत जात नाही.

मंत्री आजही मागूनच येतात.

"त्यो रस्ता बघून या," नाना पाहुण्यांना सांगतात. "अख्ख्या आवारात तेवढाच डांबरी हाय."