कसर न लागणारं कोठार

बर्फाच्या मुलखातली गोष्ट आहे, सावकाश ऐका. रशिया-चीनच्या सरहद्दीवर एक नाका होता. सेबल नावाच्या मुंगसाएवढ्या जनावराची मऊ कातडी तिथून चीनला जात. एका साली भांडण पेटलं आणि चिन्यांनी नाका बंद केला. कोठारात कातड्यांचे ढीग साचले, त्यांना कसर लागली, म्हणजे केस खाणारी कीड.

तिथला अंमलदार प्रोखोर भलता तापट. सेबलच्या कातड्यांचा कर येईपर्यंत शिकाऱ्याच्या घरचं एक माणूस ओलीस ठेवायची त्याची रीत होती. यंदा दोर्जी शिकारी त्याच्या कोठडीत होता. दोर्जीच्या बायकोला, सेसेगला, प्रोखोरनं दरडावलं, "यंदाची सेबलं आण! नाका उघडेपर्यंत एकाचाही केस झडला, तर दोर्जी फासावर!"

कसर कुणाचा हुकूम ऐकते? दुसऱ्या दिवशी सेसेग येऊन म्हणाली, "सरकार, सेबलं ठेवलीत. कसर शिरत नाही असं कोठार आहे. चला, दाखवते."

तिनं त्याला रानात नेलं. देवदाराच्या फांदीवरून एक सेबल टुकूटुकू बघत होतं.

"अगं, हे तर जिवंत आहे!"

"म्हणून तर कसर लागत नाही, सरकार. शिवाय पिल्लंही होतात. मारा म्हणाल तर आजच मारते. पण तुमच्या कोठारात केस झडले, की वरचा दरबार विचारेल, किल्ली कुणाच्या कमरेला होती?"

प्रोखोरचा हात नकळत किल्लीवर गेला. दरबाराला तोही भीत होता.

"कर रानात जमा आहे," सेसेग हळूच म्हणाली, "मग ओलीस कशाला?"

प्रोखोरनं कोठडी उघडली, दोर्जी घरी आला. नाका उघडेपर्यंत रानात सापळा लागला नाही.