पेवातली हाक

फार पूर्वी, लोक जोंधळा जमिनीच्या पोटात पेवं खणून साठवत असत तेव्हाची ही गोष्ट. एका गावात घोंगड्या विणणारी एक बाई आपल्या पाच वर्षांच्या लेकीसह राहत होती. तिच्या घोंगड्या पंचक्रोशीत नावाजलेल्या, पण भर दुपारी तिच्या घरी कोणी पाऊल टाकत नसे. सावली पायाखाली आली, की तिच्या अंगणातल्या रिकाम्या पेवातून कोणीतरी वरच्या शिळेवर थाप मारी. एक, दोन, तीन. मग बारीक आवाजात हाक येई, "काका, उघडा की."

तो आवाज बाईच्या ओळखीचा होता. तो तिचाच होता, ती सात वर्षांची असतानाचा. आईबाप लवकर गेले आणि चुलत्याने तिला वाढवलं, म्हणजे खायला घातलं एवढंच. काही सांडलं, काही फुटलं, की तो तिला या पेवात उतरवायचा आणि श्वासापुरती फट ठेवून वर शिळा ओढायचा. चुलता मातीला मिळून वर्षं झाली, तरी हाक काही थांबली नव्हती.

बाईने आधी कोणीही करेल तेच केलं. शिळेवर दगड ठेवले. थापा वाढल्या तसे तिने दगड वाढवले. बघता बघता अंगणात ढीग झाला. मग मांत्रिक आला, त्याने लिंबं कापली, खिळा ठोकला आणि कोंबडं बगलेत मारून तो चालता झाला. दुसऱ्या दिवशी थाप भिंतीतून आली. तिसऱ्या दिवशी बाई मागावर बसली, तर थाप तिच्या छातीतच वाजत होती.

हेही तिने सोसलं असतं. पण एका दुपारी लेकीच्या हातून ताकाचं गाडगं फुटलं. बाई भानावर आली तेव्हा ती अंगणात उभी होती. एका हातात लेकीचं मनगट होतं, आणि दुसऱ्या हाताने तिने ढिगातले चार दगड बाजूला केले होते. लेक रडत नव्हती. ती नुसती आईकडे बघत होती. आपण इथे कधी आलो, हे बाईला काही केल्या आठवेना.

ती तशीच धावत पेवं उघडणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. "आजोबा, माझ्या पेवात उतरा. तिथं जे काय हाय ते भाईर काढा. न्हाईतर एक दिवस मी माझ्याच लेकीला त्यात टाकीन."

म्हातारा म्हणाला, "धान्य असतं तर उतरलो असतो, बये. पर तिथं जे हाय, ते माझ्या हाकेला ओ द्यायचं न्हाई. तुलाच उतराया लागंल."

"मी मरंन."

"घाई केलीस तर मरशीलच. कोंडलेल्या पेवातली हवा जीव घेती. म्हणून रीत हाय. आधी तोंड उघडून नुसतं बाजूला बसायचं. मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. इझला, तर त्या दिशी उतरायचं न्हाई. झाकायचं, घरी जायचं, दुसऱ्या दिशी परत यायचं."

बाई रोज दुपारी लेकीला शेजारी धाडू लागली. तिने एकेक करून सगळे दगड उतरवले आणि शिळा सरकवली. आतून कुबट, गार वास आला. पहिल्या दिवशी दिवा हातभर खाली जाऊन विझला. अंधारात कोणीतरी श्वास घेत होतं. बाईला पळून जावंसं वाटलं, पण ती वाकून म्हणाली, "उद्या येते." मग तिने पेव झाकलं, पोटभर रडली आणि चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी दिवा दोन हात गेला. कधी तो आदल्या दिवसापेक्षाही लवकर विझे. "कशाला उगाच खपली काढतीस?" शेजारीण विचारी. पण बाई दुसऱ्या दुपारी पेवाच्या तोंडाशी हजर असे.

बाविसाव्या दिवशी दिवा तळाला टेकला आणि जळत राहिला. बाई शिडीवरून खाली उतरली. कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून एक मुलगी बसली होती.

"काका गेलं?" मान वर न करता तिने विचारलं.

"कवाच गेलं गं."

"खोटं. मग वर दगूड कोण ठेवतंय?"

बाई तिच्यासमोर धुळीत बसली. "मीच ठेवत हुते. मला तुझी भीती वाटत हुती."

मुलीने मान वर केली. "माझी? मी तर सात वर्सांची हाय."

बाईला रडू कोसळलं. "तुझं काय बी चुकलं नव्हतं," ती म्हणाली. हे तिला आजवर कोणीच म्हटलं नव्हतं. तिने मुलीला मांडीवर ओढून घेतलं. ते गार पडलेलं अंग हळूहळू कोमट झालं, आणि दिव्यातलं तेल संपायच्या आत मांडी रिकामी झाली होती.

त्यानंतरही एखाद्या दुपारी छातीत थाप पडे. तेव्हा बाई धोटा बाजूला ठेवी, "हाय गं, हितंच हाय," म्हणे आणि पुन्हा विणू लागे.

पुढे एकदा लेकीचा धक्का लागून चुलीवरची आमटी कलंडली. लेक जागच्या जागी ताठ झाली. बाईचा हात उठला. तो क्षणभर तसाच राहिला, मग लेकीच्या केसांवर टेकला.

"कुठं भाजलं न्हाई ना?" बाईने विचारलं.

आणि त्या पोरीने, जन्मात पहिल्यांदा, आईच्या कमरेला मिठी मारून भोकाड पसरलं.

या गोष्टीचं तात्पर्य विचाराल तर: कोंडलेलं दुःख दगडांनी मरत नाही. दिवा घेऊन आपणच त्याच्याजवळ दमादमाने उतरावं लागतं, आणि दिवा विझला तर त्या दिवशी परत फिरण्यात कमीपणा नसतो.