तोर्कलनं न लुटलेली गोष्ट

“या किनाऱ्यावरची अशी एक गोष्ट आण, जी मी किंवा माझ्या माणसांनी कधीच लुटली नाही. आणलीस तर बापाला घेऊन जा. नाहीतर भरती आली की तो गुलामांच्या जहाजात चढेल!”

एवढं बोलून तोर्कल सरदार पुन्हा मटणाकडे वळला. समोर गुराख्याची मुलगी डेर्वला उभी होती. तिचा बाप कोनाल कोपऱ्यात साखळदंडात बसला होता.

तोर्कल व्हायकिंग होता, म्हणजे जहाजांतून येऊन आयर्लंडची गावं लुटणाऱ्यांपैकी एक. बाप उत्तरेकडचा दर्यावर्दी, आई इथलीच आयरिश. लुटायला निघाला की तो बापाचा मुलगा असे आणि जेवायला बसला की आईचा. मठातल्या संन्याशांनी त्यांच्या बखरीत त्याला जेमतेम एक ओळ दिली होती, तीही शिव्याशापांची. गडी तेवढ्यावरच मिशांना पीळ देत फिरायचा.

डेर्वलानं गावभर विचारलं. मठाची घंटा? नेली. चांदीचा पेला? तो तर पहिल्याच फेरीत गेला. शेतातलं बुजगावणं? तेही नेलं, कारण त्याचा अंगरखा गावकऱ्यांच्या अंगरख्यापेक्षा बरा होता. मठाधिपतींची डाव्या पायाची चप्पलसुद्धा गेली होती, आणि उजवी का ठेवली हे कुणालाच कळलं नव्हतं.

भरतीचं पाणी चढू लागलं तशी डेर्वला परत आली.

“रिकाम्या हातानं आलीस?” तोर्कल खुशीत म्हणाला.

“हात तुमच्याच माणसांनी रिकामे केलेत, सरदार. पण हवी ती गोष्ट मी आणलीय.”

“कुठाय?”

“आमंत्रण. आज आमच्या घरी जेवायला या.”

दरबार हसला. तोर्कलनं हात वर करून हसू थांबवलं.

“हे मी कधी लुटलं नाही कशावरून?”

“तुमच्याच कारभाऱ्यांना विचारा. या किनाऱ्यावर असं एक तरी घर आहे का, जिथं तुम्ही शिरला नाहीत? आणि असं एक तरी आहे का, जिथं तुम्हाला कुणी बोलावलं होतं?”

कारभारी उल्फनं बराच वेळ डोकं खाजवलं. “एका मठाधिपतींनी हात वर करून काहीतरी म्हटलं होतं, सरदार.”

“ते ‘या’ म्हणत नव्हते,” डेर्वला म्हणाली. “ते ‘वाचवा’ म्हणत होते.”

तोर्कलचा चेहरा उतरला. एवढी घरं पालथी घातली आणि एकाही घरानं ‘बसा’ म्हटलं नाही, हे त्याच्या आजच लक्षात आलं. ते त्याला लागलं. त्यानं तलवारीच्या मुठीवर हात ठेवला.

“मग हे आमंत्रणही तुझ्याकडून हिसकावून घेतो.”

“घ्या की. पण हिसकावलंत की ती लूट झाली. बोलावल्याशिवाय आमंत्रण होतच नाही.”

तोर्कलनं मूठ सोडली. “ठीक आहे. येतो जेवायला. पण बाप इथंच राहील.”

“मग जेवण कसं होणार?” डेर्वला म्हणाली. “घरधन्यानं दारात उभं राहून, हाताला धरून आत नेल्याशिवाय आमच्याकडे पाहुणा उंबरा ओलांडत नाही. आणि ज्याच्या घरी जेवायचं त्याला कुणी बेडीत ठेवत नाही. तुमच्या आईच्या माहेरचीच रीत आहे ही. आमचा घरधनी तर तुमच्या कोपऱ्यात बसलाय!”

तोर्कल हसला, आणि इतका हसला की पुढ्यातलं ताट लवंडलं.

“उल्फ, काढ त्या म्हाताऱ्याच्या बेड्या! आणि पोरी, पाहुणा रिकाम्या हातानं कसा येईल? गोठ्यात जा. आम्ही लुटून आणलेल्यांत तुमच्या ज्या गाई असतील त्या ओळखून घेऊन जा.”

चोराच्या हातची लंगोटी मिळाली तरी लोक देवाचे आभार मानतात. डेर्वला गोठ्यात गेली, एकेका गाईच्या पाठीवर हात फिरवला आणि अख्ख्या गावच्या गाई ओळखून बाहेर आली.