गेरूचे कोडे

एके काळी एका नदीकाठच्या गावी एक वृद्ध आचार्य राहत असत. आश्विन लागला की घाटावरच्या सपाट शिळेवर ते गेरूने शब्दकोडे आखीत: नऊ घरे आडवी, नऊ घरे उभी, आणि कडेने प्रत्येक शब्दासाठी एक चकवणारी ओळ. पौर्णिमेपर्यंत गावाने ते सोडवायचे. पाणी भरताना, कपडे धुताना लोक ओळी एकमेकांना वाचून दाखवीत, भांडत, हसत. ज्याला शब्द सापडे तो त्या शब्दाजवळ आपल्या कामातली एखादी वस्तू ठेवून जाई.

त्या वर्षी आचार्यांची बोटे थरथरू लागली होती. त्यांनी सांगून टाकले, की जो कोडे पुरे करील त्याच्या हाती मी गेरूची वाटी देईन. पुढची कोडी त्याने आखावीत. कोणीच निघाला नाही, तर ही रीत माझ्याबरोबर संपेल.

ही वाटी आचार्यांच्या एका शिष्याला मनापासून हवी होती. दूरदेशी बारा वर्षे शिकून तो नुकताच परतला होता, तोच मुळी गावाला विचार करायला शिकवावे या ओढीने. घाटावरचा गलका मात्र त्याला खटके. दुसऱ्याला विचारून सोडवलेले कोडे म्हणजे मागून आणलेले अन्न, असे तो म्हणे.

पहिल्याच दिवशी सूर्य उगवायच्या आत तो शिळेपाशी बसला आणि दुपारपर्यंत सगळी घरे भरून मोकळा झाला. लोक आले, भरलेली शिळा पाहून घागरी उचलून निघाले. धर्मा नावाडी तेवढा थांबला. "बरं झालं भाऊ, आमच्या डोक्याचा ताप वाचला," म्हणाला आणि त्याने नाव लोटली.

आचार्य आले. त्यांनी एकेक शब्द वाचला. मग नदीतून तांब्याभर पाणी आणले आणि सारी शिळा धुऊन टाकली.

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. "गुरुजी, काय चुकलं होतं?"

"एकही अक्षर चुकलं नव्हतं," आचार्य म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे कोडे आखले.

शिष्याला वाटले, पहिले सोपे होते म्हणून पुसले. त्याने अधिकच जिद्दीने बैठक मारली. आठ दिवसांत सगळे शब्द बसले. उरला एक, दोन घरांचा. पहिले अक्षर 'धो' असल्याचे उभ्या शब्दावरून कळत होते. ओळ अशी होती: 'दिवसभर धावतो, दोन हातांपलीकडे जात नाही, पोटातली वाट मागे टाकत जातो.' धोका? अक्षरे बसत होती, पण धोक्याच्या पोटातली वाट कुठून आणायची? त्याने कोश पुन्हा चाळले. तीन दिवस गेले. कोडे आता एकट्या शिष्याचे झाले आहे असे समजून घाटावर कोणी शिळेकडे वळेनासे झाले होते.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. चिमाक्का कोष्टीण सुताच्या लडी धुवायला आली होती. शिष्य बराच वेळ घुटमळला. वाटी हातची जाते आहे हे दिसत होते, आणि विचारायला तर जीभ उचलत नव्हती. शेवटी तो तिच्यापाशी गेला आणि त्याने ती ओळ म्हणून दाखवली.

चिमाक्का खो खो हसली. "तीन दिस माझ्या दारावरनं जातोयस. आतली खडखड कानावर पडली न्हाई व्हय रं?"

तिने त्याला घरी नेले, मागावर बसली आणि धोटा सोडला. ताणलेल्या सुतांमधून तो या हातातून त्या हातात धावू लागला. त्याच्या पोटातल्या कांडीचा धागा मागे उरत होता, आणि त्या धाग्याधाग्याने कापड वाढत होते. शिष्य बघतच राहिला. मग त्यालाही हसू फुटले. एकट्याने आठ दिवस शब्द शोधताना असे हसू त्याला एकदाही आले नव्हते.

"बाकीची कोडी कसली हुती?" चिमाक्काने विचारले. त्याने एक सांगितले. तिने भलतेच उत्तर दिले, स्वतःच डोके हलवले, पुन्हा विचारात पडली. "सांगू नगंस हां," तिने दटावले. तिच्या चेहऱ्यावरची ती उत्सुकता पाहिली, आणि आचार्यांनी शिळा का धुतली ते शिष्याला उमगले.

घाटावर येऊन त्याने तांब्याभर पाणी घेतले आणि आपले सगळे शब्द पुसले. 'धोटा' तेवढा लिहून ठेवला. मागोमाग आलेल्या चिमाक्काने त्या शब्दाजवळ कांडी ठेवली. मग तो पाणवठ्यावर उभा राहून मोठ्याने ओळी वाचू लागला. हळूहळू माणसे गोळा झाली. 'मागे बसते, पुढचे ठरवते' हे ऐकताच धर्माने नावेतूनच 'सुकाणू' म्हणून हाक दिली, आणि उथळ पाण्यात ते उचलून घ्यावे लागते हेही सांगितले. हा शब्द शिष्याने आधीच सोडवला होता; पण सुकाणू असे उचलावे लागते हे त्याला ठाऊक नव्हते. दिवस कलेपर्यंत शिळेभोवती ओला दोर, मातीचा गोळा, विळ्याची मूठ, कितीतरी वस्तू जमल्या. शेवटचे घर भरले तेव्हा ते कोणी भरले यावरून तिघे भांडत होते.

आचार्यांनी वाटी पुढे केली.

"मी कसा घेऊ, गुरुजी?" शिष्य म्हणाला. "माझी एकही वस्तू इथे नाही. आज मी नुसता विचारत होतो."

आचार्य म्हणाले, "धोट्याची ओळ मला चिमाक्काच्या आईने घातली होती. मलाही ती सुटली नव्हती. तिच्या मागापाशी जाऊन बसलो तेव्हा कळली. उत्तर एकट्यालाही सापडतं, बाळा. पण ज्याला विचारावं, त्याच्या घरात आपल्याला जागा होते आणि आपल्या मनात त्याला. पहिल्या दिवशी तू कोडं सोडवलंस आणि गावाची ती वाट बंद केलीस. आज तूच ती उघडलीस." मग थोडे थांबून ते हसले. "आणि वाटी धरायला हात रिकामाच लागतो."

शिष्याने दोन्ही हात पुढे केले. वाटी घेऊन तो आधी आचार्यांपुढे वाकला. मग वळून चिमाक्काच्या पाया पडला.